साक्षीसाठी पाप

“एवढंच?” चर्चचा कारभार पाहणाऱ्या एल्डर साहेबांनी माइकवरच विचारलं.

पंधरा वर्षांची होती मी. नागपुरातल्या आमच्या चर्चात साक्ष देऊन राहिली होती. साक्ष म्हणजे सगळ्या मंडळीसमोर उभं राहून सांगायचं, मी आधी कशी पापी होती अन् येशूनं मले कसं वाचवलं. ती दिल्याबिगर प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळे मिळून खातात ती भाकर भेटत नाही. मी म्हटलं होतं, खोटं बोलते, आईवर चिडते. त्याहून जास्त माह्यापाशी काही नव्हतंच.

माह्या आधी सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यातली पोरगी उभी राहिली होती. म्हणाली, “मी विश्वासी घरात जन्मले.” बसली. तिले नाही विचारलं कोणी, एवढंच का म्हणून. आम्ही कामठीहून शेअर ऑटोत कोंबून येणारे. साहेब हसले. “घाबरू नको. तुमच्या वस्तीतल्या लोकांची साक्ष जिवंत असते. सगळं सांग.”

लोक माना वर करून पाहून राहिले होते. याईले काय पाहिजे ते मले कळलं. मी म्हटलं, “आई कामाले जाते त्या घरातून मी चांदीचे पैंजण चोरले.”

हालेलुया झाला. टाळ्या पडल्या. आई ज्यांच्याकडे काम करे त्या बाईसाहेब पुढच्याच बाकावर होत्या. मागं आईनं तोंडावर पदर घेतला.

ऑटोत तिनं विचारलं, “खरंच घेतले का वं?”

“नाही.”

“मंग काहून बोलली?”

“त्याईले पाहिजे होतं.”

आईनं मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. सोमवारी बाईसाहेबांनी तिले दारातूनच परत पाठवलं. पैंजण त्यांच्या कपाटातच होते, तरी.

पाद्रीबाबा दर रविवारी सांगत, जो येशूवर विश्वास ठेवते त्याची शेवटच्या न्यायाच्या दिवशी केसच नाही. निकाल लागून गेला. मी ते मनापासून मानलं. आजही मानते. पण प्रभुभोजनाचे प्याले मले कोणी कधी धुवू दिले नाही. चांदीचे आहेत ना. न केलेली चोरी मंडळीनं वीस वर्षं जपून ठेवली.

म्हणून कोणी “माझं तारण झालं” म्हटलं की मले आधी संशय येते. तुह्यी केस मिटली, तर दुसऱ्याच्या केसमध्ये एवढा रस काहून? आम्हाले उभं केल्याबिगर याईले आपण सुटलो असं वाटतच नसंल. कधी स्वतःवरही संशय येते. खोट्या साक्षीवर खाल्लेली भाकर देव धरते का? या विचारानं मी लई रडली आहे.

गेल्या हप्त्यात माही पोरगी वही घेऊन बसली होती. तेरा वर्षांची आहे.

“मम्मी, मी कोणतं पाप सांगू? साहेब म्हणाले जिवंत पाहिजे.”

वहीत लिहिलं होतं, शेजारणीचा मोबाइल चोरला.

“चोरला का?”

“नाही ना.”

मी पान फाडलं. रविवारी त्याच एल्डर साहेबांनी तिचं नाव पुकारलं, तवा मीच उठली. माइक घेतला नाही. म्हटलं, “वीस वर्षांआधी मी इथं चोरी सांगितली. ती झालीच नव्हती. तुम्हाले पाहिजे होती म्हणून दिली.”

“खाली बस. ही आरोप करायची जागा नाही.”

“बरोबर आहे साहेब. मंग माह्या पोरीले आरोपी करू नका.”

हालेलुया कोणी म्हटलं नाही. आई बाकावरच होती, आता लई थकली आहे. तिनं या वेळी पदर तोंडावर घेतला नाही.

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. माही पोरगी साक्ष न देता मेजापाशी जाईल. मी तिच्या मागं उभी राहीन. भाकर नाही दिली तर आम्ही जागचे हलणार नाही, मागची रांगही तशीच थांबंल. देवानं विचारलं तर देवाले सगळं सांगीन. याईले आता एक अक्षर सांगणार नाही.