डावीकडची मूठ

माझ्या मित्राचे वडील जंगल खात्यात होते. ते गेल्यावर घर आवरताना पेठकडच्या नदीकाठचे जुने फोटो सापडले. ते त्याने माझ्या मोबाइलवर पाठवले आणि मी आईला दाखवले, कारण तिचं माहेर तिकडचंच. ती लहान असताना तिचे वडील सागाचे ओंडके पुरात सोडायला गेले आणि परत आलेच नाहीत. त्यांचा एकही फोटो नाही. बापाचा चेहरा आठवत नाही, असं ती अधूनमधून म्हणते, भाजीत मीठ कमी पडलं म्हणावं तशा आवाजात.

फोटोत नदी गुडघाभर आणि काठावर ओंडक्यांचे ढीग. एवढ्याशा पाण्यातून हे वाहिले कसे, मला कळेना.

"तो उन्हाळा हाय," आई म्हणाली. "बांबूला बांधून ठेवायचे. पूर आला का सोडायचे."

माणसं बहुतेक पुसट. एकच स्पष्ट, तोही पाठमोरा. आईने त्याच्यावर बोट ठेवलं.

"ह्यो माझा बा."

तिकडे कोयता कमरेमागे लाकडी आकडीत अडकवतात, मूठ उजव्या हाताशी येईल अशी. या माणसाची मूठ डावीकडे होती. आजोबा डावखुरे, आणि गावात दुसरं कोणी तसं नव्हतं, हे आई छातीठोकपणे सांगते. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. बायको गेल्यापासून माझं असंच आहे. गोष्ट कळते, पुढे काही होत नाही.

फोटो मोठा करून भिंतीवर लाव, असं आईने सांगितलं.

ओझरच्या कारखान्यात माझं आयुष्य सुटे भाग तपासण्यात गेलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. फ्रेमवाल्याकडे देण्याआधी मी फोटो कॉम्प्युटरवर ताणून पाहिला. ओंडक्यांच्या तोंडावर हातोड्याने उठवलेले आकडे होते आणि सगळेच आरशात दिसावेत तसे उलटे. फोटोच उलटा छापला गेला होता. म्हणजे मूठ खरी उजवीकडे होती. म्हणजे तो माणूस कोणीही असू शकतो.

गप्प बसायचं ठरवलं होतं. पण आई हाराच्या मापाची चौकशी करायला लागली, तेव्हा सांगून टाकलं. सुलटा करून घेतलेला फोटोही पुढे ठेवला. तिने दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले आणि सुलटा माझ्याकडे सरकवला.

"उलटाच लाव. ह्यो लावला तं बा निघून जाईल. एकदा गेला तेवढा पुरे."

फ्रेम आली. मी स्टुलावर चढून ती खिळ्याला अडकवली. जरा डावीकडे कलली आहे, असं आईने खालून सांगितलं, ती सरळ केली. मग तिथेच, भिंतीकडे तोंड करून, मला रडू आलं. बायकोच्या वेळी आलं नव्हतं. आईने नुसतं स्टूल धरून ठेवलं.