सोपानचा राहून गेलेला बाप्तिस्मा

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसलो होतो. चाकणच्या आमच्या जुन्या कंपनीतला एक सुपरवायझर बोलत होता. "साळवेसाहेब, सोपानभाऊ गेले. शिफ्ट सुटली, गेटपाशी खाली बसले, ते उठलेच नाहीत." कुठल्या दवाखान्यात नेलंय ते विचारून मी मेथी तशीच टाकली आणि निघालो. रिक्षात बसल्यावर मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं, हे लिहिताना लाज वाटते... पहिल्यांदा आलं ते एवढंच, की याचा बाप्तिस्मा राहिला. आणि पाठोपाठ, की तो माझ्यामुळे राहिला. या गोष्टीला आता काही आठवडे होऊन गेले, पण तो दुसरा विचार काही मला सोडत नाही.

सोपान चाकणजवळच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरातला. कंपनीत तो प्रेस शॉपला होता आणि मी क्वालिटीला. पीस हातात घ्यायचा, माप तपासायचं गेज लावायचा, बसला तर ओके, नाही बसला तर लाल पेटीत, यात माझी सगळी नोकरी गेली. 'थोडं चालवून घ्या' हे वाक्य मी कधी कानावर घेतलं नाही आणि त्याचा मला भारी अभिमान. पोरं पाठीमागे मला 'रिजेक्ट साळवे' म्हणायची; सोपान तेवढा तोंडावर म्हणायचा आणि वर चहाही पाजायचा. त्याची बायको मार्था नगरकडची, संत तुकाराम नगरमधल्या एका दवाखान्यात आया होती आणि आमच्याच मंडळीतली, म्हणजे आमच्याच चर्चमधली. ख्रिस्ती मुलीशी लग्न केलं म्हणून सोपानच्या थोरल्या भावाने, महादूने, त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मार्थाने मात्र नवऱ्याला 'तू माझ्या देवाकडे ये' असं कधी म्हटलं नाही. तो दर रविवारी तिला मोटारसायकलवरून देहूरोडला प्रार्थनामंदिरात सोडायचा आणि बाहेर गळका नळ दुरुस्त करत बसायचा. पुढे दाराशी उभा राहू लागला, मग आत बसू लागला. मार्था आजारात गेली, तिला आमच्या मंडळीच्या दफनभूमीत ठेवलं, आणि आता हा यायचा बंद होणार असं आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं. तो पुढच्याच रविवारी आला. आत यायच्या आधी त्याने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "साहेब, तिच्याशेजारची जागा मला पायजे. त्यासाठी काय करावं लागतंया ते सांगा."

त्यासाठी बाप्तिस्मा घेतलेला असावा लागतो, हा आमच्याकडचा नियम. ज्यांना हे जग अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. काही मंडळ्यांत तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घालतात. आमच्याकडे तसं नाही. माणूस मोठा झाला, त्याने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केला, की मग त्याला अंगणातल्या हौदात पूर्ण बुडवून वर काढतात. पाण्याखाली जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणं आणि पुरलं जाणं, वर येणं म्हणजे त्याच्याबरोबर नवं आयुष्य घेऊन उठणं. पाणी नुसतं मळ धुवायला नसतं, जुना माणूस तिथेच ठेवून यायला असतं. त्याआधी काही महिने शिक्षण असतं आणि निवृत्त झाल्यापासून ते शिक्षण देण्याचं काम पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, माझ्यावर सोपवलं होतं. हौदाचं काम सोपानने आपणहून घेतलं. तळाचं शेवाळ घासायचं, पाणी भरायचं, थंडीत म्हाताऱ्या माणसासाठी बंबातलं गरम पाणी त्यात ओतायचं आणि कोपर बुडवून बघायचं. दुसऱ्यांसाठी त्याने तो हौद किती वेळा भरला असेल, आणि स्वतः मात्र काठावर टॉवेल घेऊन उभा.

कारण मी त्याला पुढे जाऊ देत नव्हतो. धडे त्याला सगळे पाठ होते, पण तंबाखू सुटत नव्हती. मी विचारायचो, "सुटली का?" आणि हा भला माणूस खोटं बोलायचा नाही. मान खाली घालून म्हणायचा, "न्हाई अजून." मग मी म्हणायचो, "मग पुढच्या खेपेला." शिवाय भावाशी अबोला होता. मनात वैर ठेवून पाण्यात उतरायचं नाही, आधी भावाची माफी मागून ये, असंही मी त्याला बजावलं होतं. वैर भावाने धरलं होतं, माफी याने का मागावी, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. एकदा सगळे गेल्यावर तो हौदाच्या काठावर बसून हसत म्हणाला, "साळवेसाहेब, पाण्यात जायचं म्हंजी मरायचं, असं तुमीच शिकिवता ना? मग मरायला बी लायकी लागतीया व्हय?" मी त्याला झापलं. देवाच्या गोष्टींची थट्टा करू नये म्हणालो. तो थट्टा करत नव्हता... त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि उत्तर मला माहीत होतं. दर वर्गात मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचो की देवाची कृपा कमवावी लागत नाही. लिहायचं एक आणि करायचं दुसरं, तसं माझं चाललं होतं.

शेवटचं भेटलो तो रविवार. पुढच्या महिन्यात दुसऱ्या काही जणांचा बाप्तिस्मा ठरला होता, म्हणून सोपान विजार गुडघ्यापर्यंत दुमडून हौद घासत होता. मला बघितल्यावर खराटा टेकवून म्हणाला, "सुटली, साहेब. दिवाळीपासनं शिवलो न्हाई." चेहरा असा फुललेला की काय सांगू. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "छान. आता टिकतं का बघू या. ईस्टरला नक्की घेऊ." त्याने खराटा उचलला. मग "बरं" म्हणाला आणि पुन्हा घासायला वाकला. कसला माणूस होतो मी! पीस ओके आला होता, तरी मी तो परत तपासणीला ठेवला.

दवाखान्यात पोचलो तर शवागाराबाहेर गावाकडची माणसं जमली होती. महादू भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण नाक-डोळे सोपानचेच, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. पाळकसाहेब तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. मी साळवे, असं सांगितल्यावर महादू उठला आणि हात जोडून म्हणाला, "त्यो तुमच्यात आल्ता का? आल्ता असंल तर तुमी न्या, मी आडवा येनार न्हाई. न्हाईतर आमी आमच्या रीतीनं करतो." इतकं सरळ कुणी विचारलं नसतं. सोपान मार्थासाठी, आमच्यासाठी, देवासाठी इतकी वर्षं येत होता, आणि त्याला तिच्याशेजारी झोपायचं होतं, हे सगळं सांगायला माझ्याकडे तोंड होतं. मी म्हणालो, "नाही. बाप्तिस्मा झालेला नव्हता." वाक्य शंभर टक्के खरं होतं. महादूने मान हलवली आणि माणसं तयारीला लागली.

पाळकसाहेब आले तेव्हा गाडी गावाकडे निघून गेली होती. मी काय उत्तर दिलं ते ऐकून ते बाकड्यावर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "साळवे, तो आपलाच होता हो. पाणी तेवढं राहिलं होतं. नियमाचं मी बघितलं असतं." पाळकसाहेबांनी त्यानंतर हा विषय एकदाही काढला नाही. मार्थाच्या शेजारची जागा आहे तशीच आहे. तिकडे जाणं मी टाळतो.

परवा मात्र धीर करून सोपानच्या गावी गेलो. महादूने ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मी म्हणालो, माझी चूक झाली, त्या दिवशी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. आणि उरलेलं सगळं सांगितलं. त्याने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्यो आल्ता की हितं. दिवाळीत. दादा, माफ कर म्हनला, आमच्या साहेबांनी सांगितलंय. मी दार न्हाई उगडलं." सोपान याबद्दल माझ्याजवळ अवाक्षर बोलला नव्हता. त्याला वाटलं असेल, दार उघडलं नाही म्हणजे माफी काही झाली नाही, मग साहेबांना काय सांगायचं... आम्ही दोघं म्हातारे तिथे बसून रडलो, दुसरं काय करणार. निघताना महादू म्हणाला की राख भामा नदीत सोडली. ओळखीतले एक-दोघं मला म्हणाले, बघा, शेवटी पाण्यातच गेला ना तो. चांगल्या मनाने म्हणाले, पण असली समजूत मी करून घेत नाही. त्याला जिवंतपणी पाण्यात उतरायचं होतं, टॉवेल धरून आपल्यासाठी कुणीतरी काठावर उभं असावं असं त्यालाही वाटत असणार.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करायच्या रविवारी आमच्याकडे बाप्तिस्मा झालेली माणसं उठून पुढे भाकर घ्यायला जातात. बाकीची जागेवर थांबतात. सोपान मागच्या बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला थांबायचा, हात मांडीवर ठेवून, पुढे जाणाऱ्या सगळ्यांकडे कौतुकाने बघत. सोपान गेल्यापासून मी तिथे बसतो आणि उठत नाही. कुठल्या तोंडाने उठू? गेल्या रविवारी सगळे जाऊन आले, तरी पाळकसाहेब ताट घेऊन बाकांमधून चालत मागे आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. मी मान हलवली. पुटपुटलो, "मी घेण्यासारखा नाही, साहेब." ते हलले नाहीत. सगळी मंडळी वळून बघत होती आणि ते ताट धरून नुसते उभे होते, काही न विचारता, काही न तपासता. शेवटी मी हात पुढे केला. भाकरीचा तो तुकडा तोंडात घातला आणि मला हुंदका आवरेना, कारण सोपानला मी फक्त एवढंच द्यायला हवं होतं.