दोन लॅपटॉप, एक साइट

मुलं तिला पाठीमागे ‘मिरची मॅडम’ म्हणायची, आणि तिला ते ठाऊक होतं. संख्याशास्त्राचा कोर्स ती आणि शेजारच्या टेबलावरचे सर निम्मा-निम्मा शिकवत, पण दोघांत वर्षभर अबोला होता. कोर्सची साइटसुद्धा दोघं आपापल्या लॅपटॉपवरून चढवत. साध्या फायलींत धडे लिहून कमांड दिली की नवी पानं तयार होऊन वर जायची आणि आधीची पुसली जायची. तिने साइट चढवली की सरांचे धडे गायब, सरांनी चढवली की हिचे. मुलं रडकुंडीला आली.

सरांकडे फायली मागितल्या असत्या तर मिटलं असतं. “त्या माणसापुढे तोंड वेंगाडू? माझं खेटर अडलंय!” असं आईला फोनवर सुनावून तिने सरांची पानं वर असतानाच, सुट्टीचा अख्खा दिवस घालवून, त्यांचे धडे स्वतः टाइप केले.

दुसऱ्या दिवशी चढवायला बसली, तर साइटवर पूर्ण कोर्स आधीच हजर! सरांनीही तिचे धडे टाइप केले होते, वर तिच्या दोन चुका लाल रंगात दुरुस्त केल्या होत्या.

तिचा तिळपापड झाला. चुका खऱ्याच होत्या. तिने कमांड दिली आणि आपल्या चुकांसकट साइट पुन्हा चढवली.