यंदाही पाय उगवला नाही

“हवालदार आमच्या आळीतल्या सगळ्यांची कौलं चाळतात,” असं मी घरपट्टीच्या माणसाला सांगितलं आणि त्याने ते वहीत लिहून घेतलं. हवालदार तेव्हा माझ्याच घराच्या छपरावर होते. त्यांची बायको शिडीखाली उभी राहून त्यांना कौलं देत होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथल्या तिथे कळलं, आपण वाट लावली.

लढाईत अपंग झालेल्या शिपायाला राहत्या घराची घरपट्टी माफ होती. पण अट अशी की तो अंगमेहनतीने कमावत नसला पाहिजे. तो माणूस दरवर्षी येतो तसा त्या अटीचीच चौकशी करायला आला होता. आणि मी त्याला अभिमानाने सांगत होते की असा कौलं चाळणारा अख्ख्या कांदिवलीत मिळायचा नाही, तुमचंही घर एकदा त्यांच्याकडून चाळून घ्या.

हवालदार म्हणजे पलटणीत खरं तर नाईक, हवालदाराच्या एक पायरी खाली. पण आळीने त्यांना बढती दिली होती. मूळचे मालवणकडचे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. तुम्हाला वाटेल, असा माणूस लढाईच्या गोष्टी सांगत बसत असेल. नाही. इटलीबद्दल मी त्यांच्या तोंडून एकच गोष्ट ऐकली. “थंय पण कौलांची घरां असत वयनी, पण घालूची अक्कल नाय.”

सरकारकडून मिळालेला पाय त्यांनी पेटीत ठेवून दिला होता. तो चावतो म्हणायचे. स्वतः फणसाच्या लाकडाचा पाय तासून घेतला होता आणि त्यावर वर्षातून दोनदा तेल चोळायचे, गणपतीआधी आणि शिमग्याला.

दरवर्षी दोन कागद द्यावे लागत. पेन्शनीसाठी, माणूस जिवंत आहे याचा. घरपट्टीसाठी, पाय अजून नाही याचा. दुसऱ्या कागदाला ते स्वतः ऑफिसात जायचे, टेबलापाशी उभे राहायचे आणि कारकुनाने विचारायच्या आत सांगायचे, “यंदाय पाय उगावलो नाय, सायब.” कारकून बदलत गेले, वाक्य तेच. घरी आल्यावर आम्ही बायका विचारायचो, काय झालं हवालदार? तर म्हणायचे, पुढच्या वर्षी परत बघूक बोलावल्यानी, आशा सोडूक नाय.

आता कौलांचं सांगते. आमची बैठी घरं, चारकोपच्या वाटेला. वैशाखात प्रत्येक घराची कौलं काढून, फुटकी टाकून, पुन्हा लावून घ्यावी लागत. गडी दोन पायांवर चढतो आणि चालतानाच चार कौलं फोडतो. हवालदार पाय काढून भिंतीला टेकवून ठेवायचे, हातांच्या जोरावर शिडी चढायचे आणि वर बसल्या बसल्या सरकत काम करायचे. एक कौल फुटत नसे. पैसे मात्र कोणाकडून घेत नसत. गावाकडे वाडीत अशीच रीत, आज तुझं घर, उद्या माझं. ज्याच्या घरावर चढतील त्याच्याकडे दुपारचं जेवायचे, आणि आमटीत मीठ कमी असेल तर वरूनच सांगायचे.

त्याच्या बदल्यात आम्ही त्यांचं पाणी भरायचो. विहीर लांब, वाट चढाची. लाकडी पायाने भरला हंडा घेऊन ती वाट चढता येत नाही आणि बायकोला दमा. म्हणून रोज पाळीपाळीने एका घरातून दोन हंडे त्यांच्याकडे जात. हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं, मला आठवत नाही. कोणी पाळी चुकवली तर आम्ही आपसात भांडायचो, ते आठवतं.

हे सगळं त्या माणसाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याने लिहिलं, अर्जदार कौलं चाळण्याचा धंदा करतो. पंधरा दिवसांनी कागद आला. माफी का काढू नये ते येऊन सांगा. माफी निघाली तर मागच्या सगळ्या वर्षांची घरपट्टी एकदम भरायची, नाहीतर घराचा लिलाव. लढाईवरून आल्यावर हातात मिळालेलं सगळं त्यांनी त्या घरात घातलं होतं. पेन्शनीत फक्त चूल पेटायची.

मी त्यांच्या घरी गेले. वाटलं होतं, बोलतील. बायको बोलली, आणि तिने बोलायलाच हवं होतं. म्हणाली, “तुझ्या जिभेला हाड नाही गं.” मी ऐकून घेतलं. हवालदार पायाला तेल चोळत होते. शिमगाही नव्हता आणि गणपतीही नव्हते, त्यावरून मला कळलं की माणूस घाबरला आहे.

मी म्हटलं, ऑफिसात जरा जास्त लंगडा, दाराशी एकदा पडा, बाकीचं मी बघते. तर ते म्हणाले, “लंगडतंय तितक्या पुरे. मी काय दशावतारात काम करतंय?”

हवालदार, त्यांची बायको आणि मी, आम्ही तिघं गेलो. साहेब तरुण होता, चष्मेवाला. चौकशीचा माणूस शेजारी उभा. साहेबाने विचारलं, तुम्ही छपरावर चढता?

“चडतंय.”

“एका पायाने?”

“चडाक येळ लागता सायब. उतराक त्याहून जास्त.”

चौकशीचा माणूस मनाचा वाईट नव्हता. तो हळूच म्हणाला, त्याच एका दिवशी चढलो होतो असं सांगा, म्हणजे मिटेल. मला ते पटलं. हवालदारांना नाही. ते म्हणाले, दरवर्षी चढतो, पुढच्या वर्षीही चढणार. साहेबाने मजुरी काय घेता विचारलं, तर हा भला माणूस म्हणतो, जेवण. बायकोने कपाळावर हात मारला. साहेबाने लेखणी उचलली.

मग मी पुढे झाले. मी चौथी शिकलेली, साहेबाशी कसं बोलावं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. म्हटलं, “साहेब, मी त्यांच्या घरी पाणी भरते. आळीतल्या साऱ्या बायका भरतात. त्यांना मजूर लिहायचं तर आम्हालाही पाणक्या म्हणून लिहा, आणि आमची मजुरी यांच्याकडून वसूल करून द्या. आणि या तुमच्या माणसाला विचारा, त्या दिवशी त्याने भिंतीला छत्री टेकवली तेव्हा शेजारी काय उभं होतं. तो हवालदारांचा पाय होता.”

चौकशीच्या माणसाला तो पाय आहे हे तेव्हा कळलंच नव्हतं. त्याला वाटलं होतं, मुसळ असेल. साहेब हसला, पण लगेच गंभीर झाला आणि म्हणाला, हे सगळं लिहून द्या. मी लिहायला बसले. पाण्याचं लिहिलं, कौलांचं लिहिलं, जेवणाचंही लिहिलं. अर्धं पान लिहायला मला इतका वेळ लागला की ऑफिसातल्या शिपायाचे दोन चहा झाले. खाली सही केली आणि सांगितलं की आधी जे बोलले तेही खरं होतं, पण अर्धं होतं.

महिन्याने उत्तर आलं. माफी कायम. हवालदारांनी मला त्याबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही. फक्त पुढच्या वैशाखात तो माणूस छत्री घेऊन फाटकाशी आला, तेव्हा वरून आवाज दिला, “सायब, काय ता माका इचारा. वयनीक इचारू नकात.”

त्यानंतर ते बरीच वर्षं चढत राहिले. गेले ते छपरावरून पडून नाही, साध्या तापाने, स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर. बायकोच्या नावावर माफी चालू ठेवायचा अर्ज मी लिहिला. या खेपेला लवकर झाला. तिला अर्धी माफी मिळाली.

पुढे आमची आळी पाडून बिल्डिंग झाली. ज्यांची घरं मधल्या काळात हातची गेली त्यांना काही मिळालं नाही. हवालदारांचं घर कागदावर शाबूत होतं, म्हणून त्यांच्या बायकोला खोली मिळाली, तिच्या नावाची. त्या दिवशी ऑफिसात गेलेल्या तिघांपैकी आता आम्ही दोघी आहोत. ती तिसऱ्या मजल्यावर, मी तळमजल्यावर.