पूल पाडलेला, तरी तात्या परळला पोचले

“अरे भाई, उड के जाऊं क्या? टॅक्सी है, हेलिकॉप्टर नहीं!”

टॅक्सीवाला ओरडत होता आणि मी त्याच्याहून वरच्या पट्टीत. दादरच्या फुलबाजारापासून प्रभादेवीची आमची चाळ... चालत पंधरा-वीस मिनिटं. त्या दुपारी पुढच्या टेम्पोतली हिरवी केळी माझ्या डोळ्यांदेखत पिकली म्हणा ना!

आधीच सांगतो – भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. उलट असल्या गोष्टी रचून अख्ख्या चाळीला घाबरवणारा मीच. माझं बोलणं लोक निम्मं वजा करून ऐकतात. आजचं मात्र करू नका.

आई परळच्या हॉस्पिटलात होती. तीनला वॉर्डातून फोन – “लगेच या, वेळ कमी आहे.” परळ म्हणजे आमच्या समोर, रुळांपलीकडे. पण मधला जुना रस्त्याचा पूल पाडलेला, तोंडाशी पत्रे ठोकलेले. उरले स्टेशनचे जिने. मी एकटा दहा मिनिटांत धावत पोचलो असतो... पण तात्या? म्हणजे माझे वडील. वय एक्क्याऐंशी, जन्मभर टपाल वाटून गुडघ्यांचा भुगा. त्यांना मागे ठेवून गेलो असतो तर आईने पहिलं विचारलं असतं, “हे कुठे?” म्हणून तात्यांना म्हटलं, बसून राहा, टॅक्सी आणतो. सात टॅक्सीवाल्यांनी नुसती मान हलवली – परळ म्हणजे दादरहून वळसा, कोण येणार! आठवा दादरला मिळाला.

चाळीशी आलो तेव्हा चार वाजलेले. घराला कुलूप. शेजारच्या काकी गॅलरीतून ओरडल्या, “अरे, तुझो बापूस कधीच गेलो! हाक मारलंय, थांबलो नाय!”

टॅक्सी तशीच सोडली, स्टेशनचे जिने तीन-तीन पायऱ्या घेत चढलो. वॉर्डात शिरलो... तात्या आईच्या खाटेशी स्टुलावर. आईच्या तोंडावर चादर.

“वीस मिनिटं झाली,” सिस्टर म्हणाली. “बाबा सव्वातीनलाच आले, त्यांच्या हातून पाणी प्यायल्या. तुमचं नाव घेत होत्या.”

सव्वातीन!

“तात्या, आलात कसे?”

“पुलावरनं.”

“कुठल्या? पाडलाय तो!”

“मोकळा होता,” तात्या म्हणाले. “गर्दी नव्हती.”

दुसऱ्या दिवशी मी पत्र्याच्या फटीतून डोकावलो. पूल नाही. आभाळ, आणि खाली रूळ. बरं, स्टेशनचे जिने चढले म्हणावं, तर त्याच संध्याकाळी चाळीच्या एका जिन्यावरून त्यांना आम्ही चौघांनी खुर्चीत बसवून वर नेलं होतं. डॉक्टर, सिस्टर, काकी... सगळ्यांना विचारून झालं. मी, ज्याला कशाचीही गोष्ट रचता येते, त्याला याची रचता येत नाही.

बाराव्याला माणसं पांगल्यावर मात्र राहवलं नाही. “तात्या, शेवटची हाक मला मारत होती ती! तो पूल होता, तर मला का नाही नेलंत बरोबर?”

तात्यांनी चष्मा पुसला.

“तू टॅक्सीत होतास.”