हरवल्यावर म्हणायची दुआ

अब्बांना विसर पडायला लागला तेव्हा माझा दुआंवरचा भरवसाच उडाला, हे आज कबूल करायला हवं. कोल्हापुरात आमचं शिलाईचं दुकान, घराला लागूनच. अब्बांनी उभा जन्म तिथे शर्ट-विजारी शिवल्या. जेवताना, पाणी पिताना, आरशात बघताना, घराबाहेर पडताना, प्रत्येक वेळची छोटीशी दुआ त्यांच्या ओठांवर असायची. नव्वदचं दशक सरता सरता त्यांना माणसांची नावं आठवेनाशी झाली. पुढे माझंही नाव गेलं. दुआ मात्र एकही विसरले नाहीत, आणि मला त्याचाच राग यायचा. ज्याचं नाव हा माणूस दिवसभर घेतो, त्याने याला पोटच्या पोराचं नावही राहू देऊ नये? मी स्वतः दुआ म्हणणं केव्हाच सोडलं होतं.

एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं आणि अब्बा शेजारच्या स्टुलावर बसून एकच दुआ मोठ्याने पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी खेकसलो, "अब्बा, किती वेळा तेच ते! जरा गप बसा की." ते गप्प झाले. माप लिहून मी मान वर केली, तर स्टूल रिकामं.

घरात नव्हते. मशिदीत नव्हते. रंकाळ्यावर गेलो, पण पाण्याकडे बघायची हिंमत होईना. पोलीस चौकीत वर्णन लिहून दिलं: पांढरा शर्ट, जाळीची टोपी, पायात काही नाही. स्टँडवरच्या चौकशी खिडकीतल्या माणसाने विचारलं, "कुठल्या गाडीत बसलं असतील, काय अंदाज?" काय सांगणार? अब्बांना स्वतःचा पत्ता सांगता येत नव्हता. कुठेही ब्रेक करकचून लागला की मी तिकडे धावायचो. सारखं वाटायचं, त्यांच्याशी शेवटचं बोललो ते हेच, गप बसा.

तीन-चार तासांनी घरी आलो, दुकानाचं शटर ओढून कुलूप घातलं आणि आत गेलो. अम्मा नमाज पढायच्या जानमाजवर बसून पुटपुटत होती, "इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन." कुणी गेल्याचं कळलं की आमच्यात हे म्हणतात.

"अम्मा! अब्बा काय मेल्यात व्हय?"

"मेल्यावरच म्हणत्यात असं कोण म्हणालं तुला?" तिचा आवाज शांत होता. "सुई हरवली तरी तुझं अब्बा हेच म्हणायचं. आपण अल्लाचं, अन् त्याच्याकडंच परत जाणार. त्याचं हाय ते त्याच्या नजरेआड कसं व्हईल?"

मला ते पटलं नाही. तेवढ्यात शेजाऱ्याने दारातून सांगितलं की जोतिबाच्या रस्त्याला एक टोपीवाला म्हातारा चालताना कुणीतरी पाहिलाय. मी लुनाची किल्ली घेऊन धावलो. अम्माने दारात हात धरला. "भाईर पडतानाची दुआ म्हणून जा. आज तरी."

वाद घालायलाही वेळ नव्हता. "बिस्मिल्लाहि तवक्कल्तु अलल्लाह..." पुढचं आठवेना. लहानपणी रोज म्हटलेली दुआ, आणि मी अब्बांसारखाच अडकून उभा. अम्माने एकेक शब्द सांगितला, मी मागून म्हणत गेलो. आपल्यात ना जोर, ना ताकद. आहे ते सगळं अल्लाचं. शेवटचा शब्द तोंडात असतानाच बंद दुकानात फोन वाजला. शटरची किल्ली माझ्याच खिशात होती. कुलूप उघडायच्या घाईत किल्ली दोनदा खाली पडली.

"पावणं, हुपरीतनं बोलतीय," एका बाईचा आवाज. "तुमच्या दुकानाची पट्टी हाय शर्टाच्या कॉलरला, तिच्यावरच ह्यो नंबर हाय. एक आजोबा बसल्यात माझ्या घरी. तुमचंच हायत का?"

मी नुसतं "व्हय, व्हय" म्हणत राहिलो.

हुपरीला पोचलो तेव्हा अब्बा त्या बाईंच्या सोप्यात चहा पीत होते. बाई घरी बसून पैंजणांना घुंगरं जोडायच्या आणि तयार माल पोचवून त्या दुपारी कोल्हापूरहून परत येत होत्या. त्या म्हणाल्या, "एसटीत चढल्या चढल्या आजोबा हात वर करून कायतरी म्हणाय लागलं. मी इचारलं, काय म्हणताय? तर म्हणालं, गाडीत बसताना म्हणायची दुआ हाय. लई छान समजावून सांगितलं. मग इचारलं, जाणार कुठं? तवा गप झालं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मी वळखलं, वाट चुकल्यात."

मी अब्बांच्या पायाशी बसलो. माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच हसून म्हणाले, "या, बसा. कुठलं पावणं तुम्ही?" मी रडलो. बाईंनी काही न विचारता माझ्यापुढे चहाचा कप ठेवला.

अब्बा बरे झाले नाहीत. पुढच्या दोन वर्षांत त्यांच्या दुआही एकेक करून गेल्या. जेवणाआधीची तेवढी उरली होती, एके दिवशी तीही गेली, आणि घास हातात धरून ते नुसते बघत राहिले. मी घाबरून अम्माकडे पाहिलं. ती त्यांचा हात हलकेच तोंडाशी नेत म्हणाली, "ह्ये विसरलं, बाळ. ज्याला म्हणत हुतं, तो न्हाय विसरायचा."

त्या दिवसापासून त्यांची दुआ मी म्हणायचो आणि ते घास घ्यायचे. इतकी वर्षं मी अल्लाकडे हिशेब मागत होतो. मागणं थांबलं आणि उरले ते आभार. अल्हम्दुलिल्लाह.