दहाला गेट उघडतं

आमच्या घरात कोणी कधी लिहिलेलं नाही, त्यामुळे मी लिहायला बसलोय याची आधीच माफी मागतो. आज पूनम सागरमधल्या आमच्या बिल्डिंगची टाकी धुतली, जिन्यात ब्लिचिंग पावडरचा वास पसरला आणि बारावीनंतरची वॉटर पार्कची सहल आठवली. बाबा बेव्हर्ली पार्कातल्या एका सोसायटीत वॉचमन. ‘दुपारी जाऊ या, मी दोनला सुटतो,’ एवढंच ते म्हणाले. मी मोबाइल पुढे केला. ‘दुपारी प्रत्येक राइडला रांग असते, बाबा. दहाला गेट उघडतं, तेव्हाच पोचायचं.’ आई फणकारली, ‘आधी ह्याचा मोबाइल, मग बाप!’ बाबा हसले. ‘असू दे गं, शिकतोय तो, त्याला कळतं. तुम्ही जाऊन या.’ आई, ताई आणि मी दहाला पोचलो. खरंच रांगा नव्हत्या, एकेका घसरगुंडीवर चार-चारदा गेलो. संध्याकाळी लॉकर उघडला, तर बाबांचे सात मिस्ड कॉल. घरी विचारलं, तर म्हणाले, ‘सहज केले रे. मजा आली ना?’ मीही पुढे विचारलं नाही. गेल्या आठवड्यात त्यांच्याबरोबर ड्युटी करणारे काका भेटले, तेव्हा कळलं. बाबा त्या दिवशी दोनला निघाले होते, पण वरसाव्याला ट्रॅफिकमध्ये अडकले आणि पोचले तोवर तिकीट खिडकी बंद झाली होती. ‘गेटबाहेर बसून तुम्हाला फोन लावत होते,’ काका म्हणाले. ‘पोहायला नवी हाफ पँट घेतलेली. अजून आमच्या केबिनमध्ये आहे, लेबलसकट. घरी सांगू नको म्हणाले.’